मुरडशेंग फुलली की सांगीन

माझं कृषी सेवा केंद्र आहे. खतं, बियाणं, औषधं, पाठीवरचे पंप, सगळं मिळतं. तणनाशकाची बाटली मागायला कुणी आलं की ती काउंटरवर ठेवता ठेवता मी एक वाक्य हमखास बोलतो, "बांधावर मारू नका."

परवापरवापर्यंत गिऱ्हाईक विचारायचं, "का बरं?"

"नका मारू म्हणजे नका मारू."

आपल्याच मालाला अशी आडकाठी घालणारा दुकानदार आमच्या भागात दुसरा नसावा. लोकांनी त्याचा अर्थ आपापल्या परीनं लावला. मला झाडाझुडपांचा लई पुळका आहे, असं ठरून गेलं. मग गावातल्या एका कार्यक्रमात निसर्गप्रेमी म्हणून मला शाल आणि नारळ दिला. नारळ बायकोनं त्याच दिवशी फोडून चटणीला वापरला. शाल मात्र अजून पेटीत आहे. ती अंगावर घ्यायची माझी छाती झाली नाही.

कारण आमच्या शिवारातली शेवटची मुरडशेंग मीच मारली आहे. आणि मारून वर दुसऱ्याच्या माथी ढकलली आहे. हे मी पंचवीस वर्षं कुणाला सांगितलं नाही. तसा मी कमी बोलतो, त्यामुळं कुणाला संशयही आला नाही. कमी बोलणाऱ्या माणसाला लोक उगाच सज्जन समजतात.

ज्यांनी मुरडशेंग पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. माणसापेक्षा हातभर उंच जाणारं झुडूप. पान मांजराच्या जिभेसारखं खरखरीत. फूल विटकरी लाल, आणि एक-दोन दिवसांत ते निळसर राखाडी पडतं, म्हणजे एकाच फांदीवर ताजी फुलं लाल आणि शिळी फुलं निळी. शेंग तर बघत राहावी अशी. पाच पदर एकमेकांत पिळून दोर वळावा तशी वळलेली. लहान लेकराच्या पोटात मुरडा उठला की ही शेंग सहाणेवर उगाळून चाटवतात. येडशीच्या पुढं रामलिंगाच्या डोंगरात ती अजून आहे, पण ते अभयारण्य. तिथलं पान उचलायचीसुद्धा सोय नाही. आमच्या शिवारात पूर्वी माळावर बरीच होती म्हणे. माळ फुटले, वावरं झाली, आणि शेवटी एकच झुडूप उरलं. ते आमच्या उत्तरेकडच्या बांधावर, मुरमाच्या उंचवट्यावर. गावातल्या माझ्या वयाच्या निम्म्या लोकांची पोटं त्या एका झुडपानं सांभाळलेली.

त्या झुडपाखाली दोन माणसं बसायची. एक आमचे आण्णा, म्हणजे माझे वडील. दुसरे धनगर मामा. मामा नात्यानं कुणी नव्हेत, पण साऱ्या गावाचे मामा. पीक निघालं की मामांची शेरडं-मेंढरं आमच्या रिकाम्या वावरात चार-आठ दिवस बसायला यायची. जनावरं रात्री रानात बसली की लेंडीखत जागच्या जागी पडतं. त्याच्या बदल्यात मामांना ज्वारी आणि आमच्या आईच्या हातची कढी-भाकरी. दुपारी दोघं गडी मुरडशेंगेच्या फांद्या सोलून सालीचा वाख काढायचे आणि शेरडांसाठी दावी वळायचे. कुणाचं दावं जास्त पिळदार, ह्यावर रोज भांडण. आण्णांनी वळलेलं दावं शेरडू दोन हिसक्यांत तोडतं, असं मामा म्हणायचे. आण्णा म्हणायचे, "शेरडू तुझं हाय, दावंबी तुझंच आसंल."

मी चोवीस वर्षांचा असताना शेतीची पदविका घेऊन घरी आलो. पदविकेबरोबर एक मत घेऊन आलो होतो. बांध कसा असावा, तर पट्टीनं आखल्यासारखा, स्वच्छ. आमचा बांध म्हणजे बोरी, तरवड, गवत, मुंगळे आणि ती मुरडशेंग. मला त्याची लाज वाटायची. आण्णा आठ दिवसांसाठी ढोकीला बहिणीकडं गेले आणि मी संधी साधली. नवा पंप पाठीवर घेतला आणि बांध ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फवारून काढला. पुढं बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आलो की औषध वाऱ्यानं उडून झुडपावर गेलं. आता एवढं लिहितोच आहे तर नीट लिहितो. वारा नव्हता. मी झुडपासमोर उभा राहिलो, त्याच्याकडं नीट बघितलं, आणि पंपात राहिलेलं सगळं त्याच्यावर रिकामं केलं.

औषध चांगल्या प्रतीचं होतं. चार दिवसांत पानं पिवळी, सातव्या दिवशी तपकिरी. आण्णा उद्या येणार म्हटल्यावर माझ्या पोटात मुरडा उठला, आणि त्यावरचं औषध तर मी नुकतंच वाळवलं होतं. ट्रॅक्टरला साखळी लावून झुडूप मुळासकट उपटलं, कचऱ्यात पेटवलं, खड्डा बुजवला.

आण्णा आले त्याच्या दुसऱ्याच सकाळी गल्लीतली एक बाई कडेवर रडतं लेकरू घेऊन दारात. "आण्णा, दोन शेंगा पायजे हुत्या."

आण्णा मला म्हणाले, "जा रं, आण दोन."

मी उभाच. "मुरडशेंग न्हाय आता."

"न्हाय म्हंजी?"

"शेरडांनी खाल्ली. पार बुडख्यापातुर. ऱ्हायलेलं म्या काढून टाकलं."

कुणाची शेरडं, ते मी बोललो नाही. पण आमच्या बांधावर चरायला एकाचीच शेरडं यायची. मी नाव घेतलं नव्हतं, ह्याचं मला पुढं कैक वर्षं समाधान वाटत राहिलं. माणूस कशाकशावर समाधान मानतो, बघा.

आण्णांची आणि मामांची बांधावर काय बोलाचाली झाली ते मला कळलं नाही. मी त्या दिवशी मुद्दाम धाराशिवला काम काढून गेलो होतो. त्या वर्षापासून मामांची जनावरं आमच्या वावरात बसली नाहीत. दोघांचं बोलणं तुटलं. मामांची वाट आमच्या दारावरूनच. सकाळी शेरडं घेऊन माळाकडं, दिवस कलला की परत. तेवढ्या वेळा आण्णा ओट्यावरच्या बाजेवर कूस बदलून भिंतीकडं तोंड करायचे. पंचवीस वर्षं दिवसातून दोनदा ती भिंत बघून त्यांना तिचा एकेक पोपडा पाठ झाला होता. "तिथं गिलावा सुटलाय," ते सांगायचे, "मागल्या साली न्हवता सुटला."

मी दुकान टाकलं, लग्न केलं, पोरं शिकायला बाहेर गेली, आई गेली. दोन्ही म्हातारे मात्र आपापल्या जागी होते. एक बाजेवर, एक वाटेवर. चार वर्षांपूर्वी एक दिवस माझ्या ध्यानात आलं की गावात त्यांच्या वयाचं आता तिसरं कुणी उरलं नाही. जुन्या दुष्काळाची आठवण काढायची तर आण्णा कुणापाशी काढणार? आमच्यापाशी काढायचे. आम्ही "हो का," म्हणायचो. दोघांतला एक गेला असता, तर दुसऱ्याला भिंतच उरली असती. आणि ती भिंत मी बांधलेली.

तरी तोंड उघडेना. मग मी माझ्या स्वभावाला साजेसा तोडगा काढला. ठरवलं, दारातल्या बागेत मुरडशेंग लावायची. ती उगवली की आण्णांना सगळं सांगायचं. रिकाम्या हातानं कबुली देण्यापेक्षा झुडपासकट दिलेली बरी.

दारातली बाग बायकोची. गुलाब, जास्वंद, मोगरा, कढीपत्ता. तिच्याकडं जागा मागितली तर म्हणाली, "कशासाठी?"

"एक औषधी झाड लावावं म्हणतो."

"तुम्ही? झाड?" ती हसली. "बरं. कढीपत्त्यापलीकडं लावा. माझ्या गुलाबाच्या अंगावर यायचं नाही."

धाराशिवच्या एका वनौषधीच्या दुकानातून वाळक्या शेंगा आणल्या. बी बारीक आणि कवच टणक. म्हणून शेंगा फोडून एका पेल्यात कढत पाणी ओतलं, वर ताटली झाकली आणि पेला ओट्यावर ठेवला. सकाळी बघतो तर पेला रिकामा. ताटलीत चोथा आणि बिया नीट बाजूला काढून ठेवलेल्या. आण्णा बाजेवर बसून मिशा पुसत होते.

"लई दिसानं चव लागली. मुरडशेंग हाय नव्हं?"

"व्हय."

"कुठनं आणलीस?"

"दुकानातनं."

"इकत?" ते हसले. "बांधावर व्हती तवा गावाला फुकट दिली आपुन. आता इकतची प्यायची पाळी आली." मग हसू गेलं. "त्या बेइमानाच्या शेरडांनी येक काडी ठिवली न्हाय."

बोलायला ह्याहून चांगली वेळ आली नसती. मी तोंड उघडलं आणि विचारलं, "पोट कसं हाय?"

"झकास," आण्णा म्हणाले.

बायको दिवसभर हसत होती. "अहो, बी पेरायचं असतं. सासऱ्याला पाजायचं नसतं."

उरलेल्या बिया मी पेरल्या. काळी माती चाळून घेतली, गांडूळखत घातलं, ठिबकची नळी फिरवली. दुकानात ह्याच कामाचा सल्ला मी रोज देतो. तीन बिया उगवल्या. ठरल्याप्रमाणं त्याच दिवशी सांगायचं होतं. पण दोन पानांचा अंकुर म्हणजे काय उगवणं? चार पानं येऊ द्यावीत, असं वाटलं. चार पानं लवकर यावीत म्हणून पाण्यात विरघळणारं खत दिलं. आठवड्यात तिन्ही रोपं बुडाशी कुजून आडवी झाली.

मला वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं. हे लिहायला सर्वांत जड जातंय, पण खरं तेच आहे. रोप मेलं की माझी सुटका व्हायची. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पेरलं, पुन्हा मेलं, पुन्हा बरं वाटलं. बायको म्हणाली, "एक विचारू? गिऱ्हाइकांना सल्ला तुम्हीच देता का माणूस ठेवलाय?"

तिसऱ्या पावसाळ्यात बिया जाड्या वाळूत चोळून लावल्या. दोन रोपं वर आली, एक जमिनीत आणि एक काळ्या पिशवीत. जमिनीतल्या रोपाभोवती मी एका सकाळी लोखंडी जाळीचं कडं बसवत होतो. मामांची शेरडं वाटेनं चालली होती. बाजेवर आण्णा नव्हते, आंघोळीला गेले होते. मामा थांबले, काठीवर हनुवटी टेकून कुंपणाच्या भिंतीवरून आत बघायला लागले. त्यांनी आमच्या दारात थांबायची ती कैक वर्षांतली पहिली वेळ.

"जाळी कशापायी रं?"

"शेरडं..." मी म्हणालो, आणि जाळीची तार पिळत राहिलो.

मामा हसले. दात मोजकेच उरलेले. "ह्याला माझी शेरडं तोंड लावत न्हाईत, बाळा. पान बघ की किती खरखरीत. त्यास्नी आवडत न्हाय. बोर खात्याल, बाभळ खात्याल, तुझ्या दुकानातली रिकामी गोणी खात्याल. पण ह्ये न्हाय."

मी जाळी धरून उकिडवा बसलेलो. उठताही येईना.

"मामा, मग तुम्ही तवा आण्णांना..."

"सांगितलं की. बांधावर हुबं ऱ्हाऊन सांगितलं. तुझा बाप म्हनला, माझं पोरगं खोटं बोलत न्हाय." त्यांनी काठी बदलली. "मंग काय बोलावं माणसानं? तुझ्या पोरापरीस माझी शेरडं खरी हायती, आसं म्हनावं व्हय?"

झुडूप कुणी मारलं, ते त्यांनी विचारलं नाही. काठीच्या टोकानं माझी काळी माती उकरली आणि तोंड वाकडं केलं. "आन् ही गादी कशाला हातरलीस त्याला? मुरमात लाव. पाणी कमी घाल. लाड केले का मरतंय त्ये." आणि गेले.

मी त्याच दिवशी दोन टोपली मुरूम आणून रोप हलवलं, ठिबकची नळी काढली, जाळी भंगारात दिली. पण डोक्यात ते वाक्य बसलं. माझं पोरगं खोटं बोलत नाही. इतकी वर्षं मी समजत होतो की मी एक झुडूप मारलं आणि एक थाप मारली. त्या थापेवर आण्णांनी आपला जिवाभावाचा गडी पणाला लावला होता, हे मला माहीत नव्हतं. माहीत नव्हतं, का माहीत करून घेतलं नव्हतं? त्या दिवशी मी धाराशिवला कशाला गेलो होतो?

आता सांगायलाच पाहिजे होतं. आणि आता तर सांगणं आणखी अवघड झालं होतं.

आणि ती मुरडशेंग, कधी नव्हे ते, जोमानं वाढायला लागली. मुरमात, बिनपाण्याची, कुणी विचारत नसताना. गुडघ्याला आली तेव्हा मी म्हटलं, कमरेला येऊ दे. कमरेला आली तेव्हा म्हटलं, फुलली की सांगीन. दुसऱ्या वर्षी भाद्रपदात तिला फूल आलं. एकच, विटकरी लाल. मी स्वतःला म्हणालो, फुलली की सांगीन, असं ठरलं होतं. एक फूल म्हणजे काही फुलणं नव्हे. निदान पाच तरी हवीत. मग पाच आली. पैकी दोन निळी पडली होती, म्हणजे ताजी तीनच. असा माझा हिशेब चालू असताना एके दिवशी दुपार कलताना मी दुकानातून स्कूटरवर खताची रिकामी पोती घेऊन घरी आलो, स्कूटर आत लावली आणि हातपाय धुवायला गेलो.

फाटक उघडं राहिलं होतं. मुद्दाम ठेवलं होतं का, असं बायकोनं पुढं अनेकदा विचारलं. खरं सांगतो, मलाच ठाऊक नाही. मामांची परतायची वेळ मला पाठ होती, एवढं कबूल करतो.

बायकोची आरोळी ऐकून बाहेर आलो तर अंगणात दहा-बारा शेरडं. कढीपत्ता अर्धा झालेला. एक शेरडू मागच्या दोन पायांवर उभं राहून जास्वंद उतरवत होतं. दुसऱ्याच्या तोंडात गुलाबाची अख्खी फांदी, काट्यांसकट. एक दोरीवरचा माझा सदरा चाखत होतं, दोन स्कूटरवरच्या पोत्याशी झोंबत होती. बायको केरसुणी घेऊन मध्ये, "अहो माझा गुलाब! माझा गुलाब!" मी धावत गेलो, गुलाबाच्या फांदीचं दुसरं टोक धरलं आणि शेरडाशी ओढाओढ सुरू केली. मामा फाटकाबाहेर उभे राहून तोंडानं "हिर्रर्र, हिर्रर्र" करत होते. आत पाऊल टाकत नव्हते. पंचवीस वर्षांत टाकलं नव्हतं. आण्णा बाजेवर. भिंतीकडं तोंड करायचं ते विसरून गेले होते.

तेवढ्यात एक ठिपक्यांचं शेरडू कढीपत्ता संपवून पलीकडं गेलं. मुरडशेंगेपाशी थांबलं. पान हुंगलं. ओठांनी जरा उचकटलं, शिंकलं, आणि मान फिरवून मोगऱ्याकडं गेलं. त्याच्या मागनं दुसरं आलं. त्यानंही हुंगलं, आणि तेही गेलं.

अंगणात तेवढं एकच झुडूप पानापानासकट उभं राहिलं. तीन लाल फुलं, दोन निळी.

आण्णा बघत होते. बराच वेळ बघितल्यावर त्यांनी कुणाकडंही न बघता विचारलं, "ह्ये का न्हाय खात?"

मामाही कुणाकडं न बघता म्हणाले, "इचार त्या शेरडालाच."

पंचवीस वर्षांत ह्या प्रसंगाची मी दहा तरी भाषणं तयार केली होती. प्रत्येकात सुरुवातीला माझ्या तेव्हाच्या वयाचा, पदविकेचा, वाऱ्याचा उल्लेख होता. त्यातलं एकही आठवलं नाही. हातात गुलाबाची फांदी, अंगठ्यात काटा, आणि तोंडातून निघून गेलं, "आण्णा, आपली मुरडशेंग शेरडांनी खाल्ली नव्हती. म्या तणनाशक मारलं हुतं."

बायकोची केरसुणी थांबली. शेरडं तेवढी चरत होती.

आण्णा म्हणाले, "किती पंप?"

"आं?"

"किती पंप मारले?"

"बांधावर दोन." आणि मग, कारण आता थांबण्यात अर्थ नव्हता, "झुडपावर येगळा अर्धा."

फाटकाबाहेर मामा हसायला लागले. "अर्धा पंप! येका झुडपाला! आरं, तेवढ्यात तर बाभूळबन वाळलं आसतं!" हसता हसता त्यांना ठसका लागला आणि ते काठी धरून फाटकाशीच खाली बसले.

आण्णा हसले नाहीत. "पंचवीस वर्सं म्या भिताड बघत पडलो," ते म्हणाले. मला नव्हे, मामांना म्हणाले. "आन् तुला बोलाय काय झालं हुतं?"

"बोललो हुतो की!"

"येकदा बोललास!"

"किती येळा बोलायचं आसतंय? तू म्हनलास माझं पोरगं—"

"म्या काय म्हनलो ते ठाव हाय मला." आण्णांनी झुडपाकडं बघितलं. मग हळू आवाजात म्हणाले, "शेरडू ह्याला तोंड लावत न्हाय, ह्ये मला ठाव न्हवतं व्हय रं? जलम गेला वावरात. ठाव हुतं. पर म्या सोताला कधी इचारलंच न्हाय."

मामांनी उपरण्यानं डोळे पुसले. ठसक्यानं पाणी आलं असेल.

"बाहीर का बसलास?" आण्णा म्हणाले. "शेरडं आत आन् मालक बाहीर?"

"आधी माझ्या गुलाबाचं बोला," बायको म्हणाली.

मामा काठी टेकत आत आले. खोडाकडं वाकून बघितलं. "सूनबाई, लेंड्या टाकल्यात की त्यांनी बुडाशी. दुप्पट फुटंल बघा." आणि खरंच, पुढं तो गुलाब दुप्पट फुटला. बायकोनं मात्र ते अजून मान्य केलेलं नाही.

दोघं दिवेलागणीपर्यंत बाजेवर बसून भांडत होते. कुणी जास्त मूर्खपणा केला, हा विषय. शेरडं अंगणातच बसली. मी सरबराईला. दोघांपैकी कुणीही माझ्याकडं बघत नव्हतं. "ह्यो" म्हणून माझा उल्लेख तेवढा अधूनमधून व्हायचा. "ह्यो शिकून आला तवाच म्या वळखाय पायजे हुतं."

मामांशी बोलणं सुरू झालं आणि माझ्याशी बंद झालं. दुसऱ्या दिवसापासून आण्णा मला सगळं बायकोमार्फत सांगायला लागले. मी समोर ताटावर बसलेलो असायचो. "सूनबाई, त्याला सांग, मीठ सरकव म्हणावं." मी मीठ सरकवायचो. "त्याला सांग, लई जवळ ठिवलं." मामा वाटेनं जाता-येता थांबायचे आणि मला डोळा मारायचे. मला राग यायचा नाही. इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच जेवण नीट पचत होतं.

दुकानात आता गिऱ्हाईकानं "का बरं?" विचारलं की मी कारण सांगतो. सगळं सांगतो, अर्ध्या पंपासकट. लोक हसतात. काही जण ऐकून घेऊन तरीही बांधावर मारतात, तो त्यांचा प्रश्न. एक म्हातारी मात्र ऐकता ऐकता गंभीर झाली. रडतं लेकरू कडेवर घेऊन त्या सकाळी आमच्या दारात आलेली तीच. "तवा माझं पोरगं दोन दिस कळवळलं," ती म्हणाली. ते पोरगं आता तिच्यामागं उभं होतं, मिशावालं, हरभऱ्याचं बियाणं न्यायला आलेलं. ते म्हणालं, "आये, जाऊ दे की."

सोयाबीन निघालं आणि रान रिकामं झालं. आण्णा बायकोला म्हणाले, "त्याला सांग, उद्यापासनं जनावरं बसणार हायती वावरात. ज्वारी काढून ठिव म्हणावं." दुसऱ्या दिवशी मामांची शेरडं-मेंढरं आमच्या रानात उतरली. मी काळ्या पिशवीतलं ते दुसरं रोप, कुदळ आणि पाण्यानं भरलेली बादली स्कूटरवर कशीबशी सांभाळत उत्तरेच्या बांधावर गेलो. आण्णा बायकोच्या भावाच्या जीपमधून आधीच येऊन बसले होते. इतक्या वर्षांत बांध पुन्हा भरून आला होता, बोरी होत्या, तरवड पिवळा फुलला होता. मुरमाच्या उंचवट्यावर तेवढी जागा मोकळी होती. दोन्ही म्हातारे त्या जागेच्या दोन बाजूंना बसलेले, मध्ये खड्ड्याएवढं अंतर सोडून.

मी खड्डा घेतला. मामांनी काठीनं दाखवलं, "आजून जरा." मी आणखी खणलं. पिशवी फाडून रोप उभं केलं, मुरूम लोटला, पायानं दाबला. लांब मेंढरं ओरडत होती. मी हात झटकले आणि बादली उचलली.

"आरं ठिव ती बादली तिकडं," आण्णा म्हणाले. थेट मला. सत्तावीस दिवसांनी. "पाणी घालू नगंस. तुझा हात न्हाय चांगला."

मी बादली खाली ठेवली. मामांनी त्यातलं पाणी ओंजळीनं घेऊन तोंड धुतलं, आणि उरलेलं शेरडांना पाजलं.